साबळे मामांच्या जीपचा काटा

“जावईबापू, आता उठा बघू. धोंडं पार निवून गेलं,” मामींनी पुन्हा हाक मारली, तेव्हा मी त्यांच्या जीपची ड्रायव्हरची सीट उपटून अंगणात ठेवली होती आणि डिझेलच्या टाकीवर ओणवा पडलो होतो. अंगात त्यांनीच सकाळी टॉवेल-टोपीबरोबर दिलेला कोरा शर्ट होता. त्याच्या दोन्ही बाह्या डिझेलने माखल्या होत्या.

“आलोच मामी. एवढा एकच स्क्रू राहिलाय.”

“मघाशी पण एकच राहिला होता,” माझी बायको शालन दारातून म्हणाली.

लग्नानंतरचा आमचा तो पहिलाच अधिक महिना. या महिन्यात जावयाला बोलावतात, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालतात, कपडे करतात. जावयाने फक्त पाटावर बसायचं आणि नको नको म्हणत खात राहायचं. यापेक्षा सोपं काम जगात नाही. पण मला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. आल्या आल्या मी सासऱ्यांच्या जीपमध्ये बसलो, डिझेलचा काटा तळाला मरून पडलेला पाहिला आणि चार माणसांत म्हणून गेलो, “मामा, हे तर तासाभराचं काम.”

मी तेव्हा पुण्याजवळ एका कारखान्यात इलेक्ट्रिकल पॅनल जोडायचो. वायर दिसली की माझे हात शिवशिवायचे आणि हातांच्या आधी जीभ सुटायची.

मामा म्हणजे हिंदुराव साबळे. गाव कुसरवाडी, घाटमाथ्यावरचं. गावाच्या वर भैरीचा सडा आहे. पावसाळा सरत आला की तो मैलभराचा कातळ रानफुलांनी भरून जातो आणि ती बघायला कुठून कुठून माणसं येतात. पण वर जायची वाट म्हणजे नुसते दगड, चिखल आणि एका अंगाला दरी. साधी मोटार तिथे पहिल्याच वळणावर नांगी टाकते. मामांनी फार पूर्वी मिलिटरीच्या लिलावातून ही चारी चाकं ओढणारी जीप आणली होती आणि सड्यावर पहिली गाडी त्यांनी चढवली होती. म्हणून जीपवाल्यांच्या पाळीत त्यांचा नंबर पहिला. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारायचंच नाही. “एक नंबर आलं का?” असंच विचारायचे.

त्या वर्षी मात्र सडा समितीने नवा नियम काढला होता. आदल्या हंगामात कुणाची तरी जीप डिझेल संपून धुक्यात वरच अडकली, आतल्या बायकापोरांचे हाल झाले. तेव्हा यंदा ज्या जीपचा डिझेलचा काटा बंद, ती सड्यावर सोडायची नाही. तपासणी रविवारी, भैरीच्या देवळापुढे. जी नापास होईल तिने हंगामभर घरी बसायचं. मामांची जीप बसली की पहिला नंबर दोन नंबरच्या सर्जेराव पवारांना जाणार होता, आणि सर्जेराव मी आल्यापासून आमच्या कुंपणापलीकडून उगाचच जा-ये करत होते.

“काय पावनं, हलला का काटा?” असं दर वेळी विचारायचे. मला त्या माणसाच्या मिशीचासुद्धा राग यायला लागला होता.

पण पहिल्या दिवशी मी जिंकलो. टाकीवरची वायर काढून जीपच्या पत्र्याला लावली, तर काटा टुणकन उडी मारून वर गेला. म्हणजे काटा ठीक, वायर ठीक, दोष टाकीच्या आत. स्क्रू सोडवून आतला फ्लोट बाहेर काढला. पितळेचा गोळा तो, डिझेलवर तरंगायला हवा. कानाशी हलवला तर आतून खळखळ आवाज. भोक पडून पोटात डिझेल भरलेलं. तरंगणार काय कपाळ.

तो रिकामा करून, धुऊन, सुकवून मी भोकावर कथलाचा डाग देऊन ते बुजवलं. मामी तेवढा वेळ बॅटरी धरून माझ्या डोक्यावर उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर घसरू न देता, कंटाळा न करता. असा श्रोता मिळाल्यावर मी कशाला गप्प बसतोय?

“ही वायर बघा मामी. ही काट्याकडे जाते. ही निघाली की काटा गेला.”

“आन् ती बारकी?”

“ती अर्थिंगची. ती निघाली तरी तेच. वरून काही कळतसुद्धा नाही. चांगला मेकॅनिक असला तरी अर्धा दिवस डोकं खाजवेल.”

“असं व्हय,” मामी म्हणाल्या आणि बॅटरी जरा खाली आणून नीट बघून घेतलं.

सीट बसवून चावी फिरवली. काटा हळूहळू वर आला आणि बरोबर अर्ध्यावर उभा राहिला. मी ओरडलोच. मामा ओसरीवरून उठून आले, सीटवर बसले, स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघितलं.

“झकास! कुठवर आला म्हणायचा?”

“अर्ध्यावर.”

“बराबर. अर्धीच हाय टाकी,” मामा म्हणाले आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मला ठसका लागला. “शालन, तुझ्या नवऱ्याला दोन धोंडं जास्ती वाढ गं.”

त्या आनंदात आम्ही जीप घेऊन खालच्या फाट्यापर्यंत चक्कर मारली. मामा चालवत होते, मी शेजारी, मामी मागे. मामी घरात तशा अबोल. पण जीपमध्ये बसल्या की त्यांची टकळी अखंड चालायची. सीटच्या मधून पुढे वाकून, मामांच्या कानाशी.

“त्या बघा, शेलारांच्या म्हशी मधीच बसल्यात... डावीकडचा तो दगड कुणी काढला न्हाय अजून... कोण गं बाई ही पोर, सायकल घिऊन आली समोरनं...”

“अगं, दिसतंय मला. गप बस की,” मामा म्हणायचे.

मामी गप्प बसायच्या नाहीत. मला मनातून मामांची कीव आली. डोंगरातला रस्ता, एकीकडे दरी, आणि कानात ही कीर्तनं. मी असतो तर एक दिवस गाडी थांबवून हात जोडले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मामांनी सहज चावी फिरवली आणि म्हणाले, “जावईबापू, बघा जरा, काटा काय म्हणतोय.”

काटा काहीच म्हणत नव्हता. तळाला आडवा पडला होता.

सीट काढली. टाकीवरची वायर निघून लोंबत होती. हादऱ्याने निघाली असेल म्हणून मी ती जोडली, नट चांगला आवळला. आवळता आवळता डोक्यात आलं की काल फाट्यावरून परतलो तेव्हा काटा चालू होता आणि तेव्हापासून जीप अंगणातच उभी आहे. हादरा बसला कुठून? पण शालनने जेवायला हाक मारली आणि मी तो विचार धोंड्याबरोबर गिळून टाकला.

शनिवारी सकाळी पुन्हा तेच. वायर जागेवर, नट आवळलेला, फ्लोट तरंगतोय, आणि काटा मेलेला. सगळी सकाळ गेली. मी डॅशबोर्ड उघडला, पुन्हा बंद केला. टाकीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटत होतं. घामाने आणि डिझेलने अंगाची आग होत होती. ओसरीवरून शेजारच्या बायका जावई बघायला येत होत्या आणि जावयाचे फक्त पाय बघून जात होत्या. कुंपणापलीकडे सर्जेराव.

“पावनं, न्हायतर फाट्यावरच्या मिस्त्रीला बोलवायचा का?”

“काही गरज नाही,” मी सीटखालून ओरडलो.

दुपार कलली तेव्हा सापडलं. अर्थिंगची वायर चेसीवरून सोडवून पत्र्याच्या घडीत आत नीट दडपून ठेवली होती. हादऱ्याने वायर निघते, ती स्वतःहून घडी घालून दडून बसत नाही. हे माणसाचं काम होतं. आणि माणूस कोण, हे सांगायला मला ज्योतिषी लागत नव्हता.

“मामा, हा सर्जेरावांचा उद्योग आहे,” मी वायर जोडून झाल्यावर सांगितलं.

मामा गंभीर झाले. “न्हाय हो. सर्जा तोंडाचा वाईट हाय, हाताचा न्हाय. माझी गाडी वर बंद पडली तवा त्यानंच ओढून आणलीया.”

“मग कोण करतंय?”

मामी भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

रविवारी मी उजाडायच्या आतच उठलो आणि गोठ्याच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो. हातात चक्क दांडकं घेतलं होतं. सर्जेराव आले असते तर मी त्या दांडक्याने काय केलं असतं, हे मला आजही ठाऊक नाही. जरा उजाडलं आणि परसदाराने मामी आल्या. न्हालेल्या, हातात तबक. रोज सकाळी जीपची पूजा करण्याचा त्यांचा नेम होता. बॉनेटला हळदकुंकू लावलं, जास्वंदीचं फूल ठेवलं, हात जोडले. मग आजूबाजूला बघितलं, तबक बॉनेटवर ठेवलं, ड्रायव्हरच्या बाजूने आत वाकल्या आणि सीट उचलली.

मी दांडकं तिथेच टाकून धावलो.

“मामी, तुम्ही?”

त्या दचकल्या नाहीत. वायर बोटात तशीच धरून उभ्या राहिल्या. पदर तेवढा पुढे ओढून घेतला.

“यंदा गाडी वर जायला नको, जावईबापू.”

“का? काय झालं काय?”

“नको म्हंजे नको. एवढं एक ऐका माझं.”

“अहो पण कारण काय? मामांचा पहिला नंबर जाईल. आणि माझं काय? तीन दिवस टाकीत डोकं घालून बसलोय मी. गाव हसतंय.”

त्यांनी काढलेली वायर तशीच आत सोडली आणि सीट जागेवर ठेवली. जावयापुढे नवऱ्याचं उणं काढायची रीत त्या घरात नव्हती, हे मला नंतर समजलं. त्या वेळी मला वाटलं, काहीतरी स्वप्न पडलं असेल, नाहीतर कुणा देवऋषीने सांगितलं असेल. मी संतापाने लाल झालो होतो. सासू होती म्हणून तोंड आवरलं.

“मी वायर जोडणार आहे,” मी म्हणालो.

तेवढ्यात मामा खाकरत बाहेर आले. धुतलेला पायजमा, पांढरी टोपी, कपाळाला बुक्का. “काय जावईबापू, काटा?”

“बंद आहे मामा,” मी मामींकडे बघत म्हणालो.

मामांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. “असू द्या. तुम्ही लई केलं. जाऊ तर खरं, समितीच्या सुभेदारांच्या पाया पडू.”

देवळापर्यंत मामा चालवत होते आणि मी शेजारी फुगून बसलो होतो. मागून मामींचं सुरूच होतं. “खड्डा हाय म्होरं पाण्याचा... गुरवाची शेरडं...” मला वाटत होतं, मागे वळून सांगावं की आता तरी बस करा.

देवळापुढच्या माळावर दहाबारा जीपा रांगेत उभ्या होत्या. समितीचे अध्यक्ष सुभेदार आनंदा शेलार, पलटणीतून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे गृहस्थ, एकेका जीपला वाकून बघत होते. ब्रेक, दिवे, टायर, काटा. मामा दर्शनाला देवळात गेले. मामींना त्यांच्यामागे जावंच लागलं, पण पायरीवरून त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. ते दोघं आत जाताच सीट उचलली, वायर जोडली, नट पक्कडीने असा आवळला की आता तो काढायला पहिलवान लागला असता. चावी फिरवली. काटा अर्ध्यावर. पुन्हा बंद केली आणि सीट जागेवर ठेवली.

मामांना काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं. चावी फिरवतील, समोर काटा उठताना बघतील आणि त्यांचा चेहरा फुलेल. तो चेहरा मला बघायचा होता. तीन दिवसांच्या हमालीची तेवढी मजुरी मी मागत होतो.

आमची पाळी आली. मामा सीटवर बसले. मी त्यांच्या खांद्याशी उभा. मामी जरा लांब, पदराचं टोक दातात. सुभेदार एका बाजूने आत वाकले, दुसऱ्या बाजूने, अर्थातच, सर्जेराव.

“हां हिंदुराव, चावी मार,” सुभेदार म्हणाले.

मामांनी चावी फिरवली. काटा हळूहळू उठला, चढला आणि अर्ध्यावर येऊन उभा राहिला. पांढऱ्या तबकडीवर लाल काटा. मी मामांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

चेहऱ्यावर काहीच आलं नाही.

“डिझेल किती हाय?” सुभेदारांनी विचारलं.

मामांनी तबकडीकडे बघितलं. चांगलं टक लावून, मान जराशी पुढे काढून बघितलं. मग सरळ बसले आणि म्हणाले, “काय लपवायचं सुभेदार? काटा बंद हाय. आमच्या जावयानं लई खटपट केली बिचाऱ्यानं. त्याच्याकडं बोट दाखवायला जागा न्हाय. गाडीच म्हातारी झाली.”

सुभेदारांनी काट्याकडे बघितलं, मग मामांच्या डोळ्यांकडे. मीही तेव्हा पहिल्यांदा त्या डोळ्यांत नीट बघितलं. बुबुळांवर मोतीबिंदूची साय धरली होती. दोन्हींवर.

मामांना काटा दिसत नव्हता. समोरचा काटा दिसत नव्हता, तर म्हशी कुठल्या दिसायला, सायकलवरची पोर कुठली दिसायला? “बघा जरा, काटा काय म्हणतोय” असं ते मला का म्हणत होते, ते मला त्या उन्हात उभं राहून कळलं. मागच्या सीटवरून कानाशी चाललेली ती टकळी टकळी नव्हती. फाट्यापर्यंत जीप मामीच चालवत होत्या, तोंडाने. आणि सड्यावर माणसं भरून जाताना त्यांना मागे बसायला जागा नव्हती. दरीकाठची ती वाट, आत परक्यांची बायकामुलं, आणि मी त्या गाडीला पास करायला तीन दिवस जिवाचं रान केलं होतं.

“अवं, पण ह्यो तर—” सर्जेरावांनी तोंड उघडलं.

सुभेदारांनी त्यांच्याकडे बघितलं. सर्जेरावांनी एकदा काट्याकडे बघितलं, एकदा मामांकडे, आणि त्यांचं तोंड आपोआप मिटलं.

“बंद आहे सुभेदार,” मी म्हणालो. “मला जमलं नाही. तासाभराचं काम म्हणालो होतो, पण नाही जमलं.”

“बंद हाय,” सुभेदार सावकाश म्हणाले. “काय रं सर्जा?”

“बंदच हाय की,” सर्जेराव म्हणाले. “मी तर आधीच सांगत हुतो पावन्यांस्नी, मिस्त्रीला बोलवा म्हणून.”

“मग नियम तो नियम. हिंदुराव, यंदा घरी बस. पर तुझा नंबर कुणी घ्यायचा न्हाय, मी सांगतो. सर्जा दोन नंबरनंच जाईल.” सुभेदारांनी आत हात घालून चावी बंद केली. मग मला बाजूला घेऊन, देवळाकडे बघत, हवापाण्याचं बोलावं तसं हळूच म्हणाले, “साताऱ्याला ह्याचं ऑपरेशन करत्यात. कारण दुसरं काय बी सांगा, पर घिऊन जावा.”

ही गोष्ट सासरवाडीला अजून पुरते. आज माझे केस पिकले तरी कुसरवाडीत गेलो की कुणीतरी विचारतंच, पावनं, काटा हलला का? मी हसतो आणि नाही म्हणतो. मला त्याचं कधी वाईट वाटलेलं नाही.

त्या दिवशी देवळापुढे मामा जीपमधून उतरले. बॉनेटवरून हात फिरवत, पत्र्याचा आधार घेत पलीकडच्या बाजूला आले आणि शेजारच्या सीटवर बसले.

“घ्या जावईबापू, तुम्हीच चालवा आता. माझं मन लागंना.”

मी चालवायला बसलो. मामी मागे बसल्या. म्हशी आल्या, शेरडं आली, पाण्याचा खड्डा आला. मामी एक शब्द बोलल्या नाहीत. सकाळी त्यांच्यावर किती तडकलो होतो मी, आणि ही बाई रोज देवपूजेच्या तबकाआडून एकटीच नवऱ्याची गाडी अडवत होती. काही बोलावं म्हणून आरशात बघितलं, तर त्या डोळे पुसत होत्या.

“डिझेल पुरंल का घरापातूर?” मामांनी मध्येच विचारलं.

“पुरेल की. अर्धी टाकी आहे.”

“तुम्हाला कसं कळलं? काटा तर बंद हाय.”

एरवी कधी गप्प न बसणारी माझी जीभ, तिला एक साधं खोटं सुचेना. मामा माझ्याकडे वळून वाट बघत होते.

“मी सकाळी काठी घालून बघितलंय, अवं,” मागून मामी म्हणाल्या. “अर्धी हाय.”

“मग काळजी न्हाय,” मामा म्हणाले आणि सीटला पाठ टेकून त्यांनी डोळे मिटले.